सत्तावीस मुलांनी किल्ली मागितली

ढवळे बाई, तुमच्यावर अन्याय झाला तो या फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, मधली सुट्टी संपून दहा मिनिटं झाली होती तेव्हा, चौथी ब च्या वर्गात, मुलांसमोर. वरच्या कार्यालयातले साहेब दारातून आत आले, तुम्ही खुर्ची पुढे केलीत तरी बसले नाहीत, आणि हातातली नोटीस तुमच्या हातात द्यायची सोडून त्यांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. ‘परीक्षेत विद्यार्थ्यांना उत्तर पुरविल्याचे निदर्शनास आले आहे.’ सत्तावीस मुलं ऐकत होती. साहेब गेल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं तुम्हाला विचारलं, ते तुम्हाला वाचून दाखवत होते का आम्हाला? हे मला सांगताना तुम्ही हसलात. मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

तुम्ही गेलात त्याला आज बारा दिवस झाले. तुमचा जन्म, नोकरीची वर्षं, मागे कोण परिवार, हे सगळं मोशीच्या चौकातल्या फ्लेक्सवर छापलंय. फोटो चुकीचा निवडलाय, तुम्ही आयुष्यात कधी इतक्या गंभीर नव्हतात. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही. मी लिहितेय त्या नोटिशीबद्दल, कारण तुम्ही गेलात आणि ती राहिली. तुमच्या सेवापुस्तकात त्या आरोपाचा शेरा आजच्या तारखेलाही आहे. तुम्ही दिलेल्या खुलाशावर एका ओळीचं उत्तर आलेलं नाही. कर्मचारी वारला की असली फाइल आपोआप बंद होते, असं मला तिथल्या क्लार्कनं समजावून सांगितलं. म्हणजे शेरा कायम आणि फाइल बंद. मी त्याला म्हटलं, दादा, ही बंद होणार नाही.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मराठीच्या पेपरात शेवटचा प्रश्न होता: तुमच्या शाळेत ग्रंथालय सुरू करावे यासाठी मुख्याध्यापकांना विनंतीपत्र लिहा. गुण पाच. तपासणाऱ्यांकडे नमुना उत्तर होतं, त्यात तीन मुद्दे: वाचनाची आवड निर्माण होते, ज्ञानात भर पडते, फावल्या वेळेचा सदुपयोग होतो. तीन मुद्दे आले की तीन गुण, पत्त्याला एक, ‘आपला आज्ञाधारक’ला एक. यंदा पेपर तपासायला दुसऱ्या शाळेत गेले होते. तिथल्या शिक्षकांनी चौथी ब चा गठ्ठा उघडला आणि बघितलं तर सत्तावीसच्या सत्तावीस मुलांनी ग्रंथालय मागितलंच नव्हतं. सगळ्यांनी किल्ली मागितली होती.

कारण शाळेत ग्रंथालय आहे. हेडसरांच्या खोलीबाहेर, काचेच्या दाराचं लोखंडी कपाट. पुस्तकं आली, रजिस्टरला नोंदली गेली, एखादं हरवलं तर जबाबदार कोण म्हणून कुलूप लागलं, आणि ते तसंच राहिलं. पाण्याच्या टाकीकडे जाताना मुलं रोज त्या काचेला नाक लावतात. आता अशा मुलांना तुम्ही सांगा, ग्रंथालय सुरू करायची विनंती करा. दुसऱ्या कुठल्याही वर्गानं निमूटपणे केली असती. तीन मुद्दे पाठ होते, उतरवले असते. तुमच्या वर्गानं केली नाही, कारण तुमच्या वर्गाला सवय होती की पत्र खऱ्या माणसाला लिहायचं असतं, तो ते वाचतो, आणि खोटं आढळलं की बाजूला ठेवतो. जी गोष्ट आहे ती ‘सुरू करा’ म्हणून हेडसरांना कसं लिहिणार? हेडसर म्हणाले असते, अरे, हे काय माझ्या खोलीबाहेर?

तपासणाऱ्यानं सगळ्यांना शून्य दिलं आणि वर लिहिलं: ‘सर्व उत्तरे समान, विषयांतर, संशयास्पद.’

समान. मी त्या सत्तावीस पत्रांच्या झेरॉक्स तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वाचल्यात, बाई. तुम्ही पोहे करत होतात आणि मी वाचत होते. एकानं लिहिलं होतं: ‘मी काचेतून एका पुस्तकाच्या पाठीवरचं नाव रोज वाचतो. आत काय आहे ते मला माहीत नाही. मला फक्त नाव येतं.’ एकीनं लिहिलं: ‘पुस्तकं फाटतील अशी आपल्याला काळजी असेल. आम्ही हात धुऊन येऊ. आत वाळवी आहे, ती हात धूत नाही.’ एका पोराचा बाप चाकणला टूलरूममध्ये आहे, त्यानं लिहिलं की किल्ली हरवली असल्यास पप्पा नवीन करून देतील, फक्त कुलपाचा फोटो लागेल. एक जण तर हेडसरांनाच जपत होता: ‘पुस्तक हरवलं तर आपल्याला बोलणी बसतात हे आम्हाला समजतं. म्हणून दर शनिवारी आम्ही दोघं दोघं मोजून देऊ.’ शुद्धलेखनाच्या चुका होत्या. ‘वाळवी’ दोघांनी वेगवेगळ्या तऱ्हेनं चुकवली होती. मागणी एक, कारणं सत्तावीस. कुणी सांगून लिहून घेतलं असतं तर नेमकं उलटं झालं नसतं का? एवढं ज्याला दिसत नाही त्यानं उत्तरपत्रिका तपासायला हातात घेऊ नयेत, हे मी स्पष्टच लिहिते. तुम्ही असं लिहिलं नसतंत.

मला अभिमान वाटला, बाई. वर्गाबाहेर पडून पंधरा वर्षं झाली तरी वाटला. जणू त्या सत्तावीसांत अठ्ठाविसावं पत्र माझं होतं.

माझं पत्र तात्यांना होतं. तात्या म्हणजे आमचे चाळमालक, जुन्या मोशीतले, शेती गेल्यावर त्यांनी दहा खोल्या बांधल्या आणि आमच्यासारखी मराठवाड्यातून कंपनीत आलेली बिऱ्हाडं ठेवली. अंगणात एकच नळ, त्याचा व्हॉल्व्ह तात्यांच्या ओट्याखाली, आणि तात्या तो साडेसातला सोडायचे. मी चौथीत होते, रोज उशीर. उशिरा येणाऱ्या मुलाला बाकीचे शिक्षक बाहेर उभं करायचे. तुम्ही मला कागद दिलात. उशीर कुणामुळे होतो, त्याला लिही, म्हणालात.

मी लिहिलं. माझा उशीर होतो, मला बोलणी बसतात, माझी आई चिडते, आम्हाला सकाळी ‘पाणी येईना गेलंय’. तुम्ही त्या शब्दांखाली पेन्सिलीनं बारीक रेघ मारलीत, खोडलं नाहीत. हे आईला लिहिलंस तर मी हात लावणार नाही, पण तात्यांना कळेल का, एवढंच विचारलंत. मी म्हटलं, बाई, तात्या तरी कुठे पुण्याचे आहेत, ते ‘न्हाई’ म्हणतात. अख्खा वर्ग हसला, तुम्हीही. आणि तरीही ‘येत नाही’ लिहायला लावलंत.

मग शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर ओट्यापर्यंत आलात. तुमचा नियमच होता: पत्र लिहून संपत नाही, पोचवून संपतं, आणि ज्याला लिहिलं त्यानं खाली एक ओळ लिहून सही करायची. त्या ओळीला तुम्ही ‘पोच’ म्हणायचात. वहीत तुमचे दोन रकाने असायचे, एक भाषेचा, एक पोचेचा. भाषेचे पाच गुण तुमच्या हातात, पोचेचे पाच वाचणाऱ्याच्या. जगात दुसऱ्या कुठल्या बाईंनी आपले निम्मे गुण चाळमालकाच्या हातात दिले असतील?

तात्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘व्हय, पन ह्यात माझं काय हाय?’ म्हणाले. ‘समदी कारणं हिचीच हायेत की.’ आणि मोडीच्या वळणाच्या त्या अक्षरात खाली लिहिलं: ‘पटले नाही. मुलीने स्वतःचेच सांगितले.’ मला पाचपैकी एक. मी रडले. तुम्ही समजूत घातली नाहीत. तात्या खरं बोलले, एवढंच म्हणालात, आणि दुसरा कागद दिलात.

दुसऱ्या पत्रात मी लिहिलं की सकाळी सहाला नळ सोडला तर सातपर्यंत सगळ्यांचं भरून होईल, मग साडेसातला तुमच्या ओट्यासमोर बायकांची भांडणं होणार नाहीत आणि तुम्हाला पेपर शांतपणे वाचता येईल. तात्या वाचता वाचता बायकोला हाक मारून म्हणाले, बघ, पोरगी आता बोलली. खाली ‘पटले. सोमवारपासून सहा’ लिहून त्यांनी तारीखसुद्धा घातली. नऊ वर्षांची होते मी, बाई. एका कागदानं नळ दीड तास आधी आला. त्या दिवशी मी जी बिघडले ती बिघडलेच. पुढची सगळी पत्रकं त्या नळातून आलीत.

व्याकरण तुम्ही कसं शिकवायचात हे आज शिक्षकांच्या प्रशिक्षणात कुणी सांगत असेल असं वाटत नाही. फळ्यावर तीन वाक्यं: नळ सोडा. नळ सोडावा. नळ सोडायला हवा. व्याख्या नंतर. आधी दारातल्या शिपाईमामांना आत बोलवायचं आणि एकेक वाक्य वाचून विचारायचं, मामा, कुठल्या वाक्याला तुम्ही उठाल? मामा भारी रंगात यायचे. पहिल्याला म्हणायचे, मी काय तुमचा नोकर हाय व्हय. दुसऱ्याला म्हणायचे, बघू. तिसऱ्याला विचारायचे, का बरं? तुम्ही लगेच वर्गाकडे वळायचात, की मामांनी ‘का’ विचारलं, म्हणजे आता कारण द्यायला जागा झाली, द्या. मग आम्ही ‘कारण’, ‘म्हणून’, ‘जर-तर’ घेऊन मामांच्या मागे लागायचो. उभयान्वयी अव्यय हे नाव मला पाचवीत कळलं. ते कशासाठी असतं हे चौथीतच कळलं होतं. सलूनवाल्याला गाणी हळू लावण्यासाठी, डंपरच्या ड्रायव्हरला शाळेजवळ वेग कमी करण्यासाठी, एकीनं स्वतःच्या आजोबांना तंबाखू थुंकण्यावरून, दर वर्षी वर्ग लिहीत राहिला. आजोबांनी ‘पटले, पण जमणार नाही’ अशी पोच दिली आणि तुम्ही तिला पाचपैकी चार दिलेत. पटवणं तिचं काम, जमवणं आजोबांचं, म्हणालात.

पण आपलं सगळ्यावर एकमत नव्हतं, आणि तुम्ही गेलात म्हणून मी तसं दाखवणार नाही.

त्या ‘येईना गेलंय’वरून आपण शेवटपर्यंत भांडलो. मी म्हणायचे, माझ्या आईची भाषा कार्यालयात चालत नसेल तर कार्यालय बदला. तुम्ही म्हणायचात, बदल की, पण तोवर साहेबाला तुझं म्हणणं नाकारायला फुकटचं निमित्त देऊ नकोस. मी म्हणायचे, मग शुद्धलेखन साहेबालाच शिकवा. तुम्ही म्हणायचात, तो माझ्या वर्गात नाही. यावर मला राग यायचा. आजही मला वाटतं, तुम्ही माझी बोली जरा जास्तच लवकर घडी करून ठेवायला लावलीत.

आणि पत्रकं. मी चाकणला पार्ट तपासायच्या लाइनवर कॉन्ट्रॅक्टमध्ये लागले, दुसऱ्या शिफ्टनंतर बायकांना बस कंपनीच्या गेटवर घेत नव्हती, हायवेपर्यंत चालायला लागायचं, त्यावर आम्ही पत्रक काढलं. छापून आल्यावर पहिली प्रत अभिमानानं तुम्हाला आणून दिली. तुम्ही पेन्सिल काढलीत. मी चोविशीत, तुम्ही अजून पेन्सिलच. ‘जाहीर निषेध’ तीनदा आलाय, आणि वाचणाऱ्यानं नेमकं काय करायचं ते एकदाही नाही, असं समासात लिहून परत दिलंत. माझा तोल गेला. मी म्हटलं, ‘बाई, तात्या ऐकतात कारण ते ओट्यावर बसलेले दिसतात. कंपनीचा मालक ओट्यावर बसत नाही.’

तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. मग म्हणालात, ‘मग तो कुठे बसतो ते आधी शोध.’

शोधलं. बसच्या वेळा कोण ठरवतं ते शोधलं, त्याच्या नावानं लिहिलं, आणि तरीही गेटसमोर दोनशे बायका उभ्या राहिल्या तेव्हाच बस आत आली. ते पत्रानं झालं की मोर्चानं, हा वाद आपला अर्धाच राहिला. तुम्ही दोन्ही म्हणायचात. मी मोर्चाच म्हणते. आता मला खोडायला कुणी नाही, आणि त्यात काही मजा नाही.

आता जे सांगायचं राहिलंय ते सांगते.

नोटीस आल्यावर मी म्हटलं, सत्तावीस पत्रांचे फोटो ग्रुपवर टाकू, दोन दिवसांत गाव पेटेल. तुम्ही साफ नाही म्हणालात. मुलांनी ती हेडसरांना लिहिलीत, गावाला नाही, त्यांची नावं गावभर फिरवायची नाहीत. उलट तुम्ही काय केलंत, तर झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन हेडसरांच्या टेबलावर ठेवलात. पत्रं तुमच्या नावाची आहेत, दुसऱ्या शाळेत फिरून आलीत, तुमच्यापर्यंत पोचलीच नव्हती, वाचा आणि पोच द्या, एवढंच. हेडसर भित्रे आहेत, हे त्यांनाही माहीत आहे. पण ते दुपारभर दार लावून वाचत बसले. दुसऱ्या दिवशी किल्ली सापडेना, म्हणून त्यांनी स्वतः कुलूप तोडायला माणूस बोलावला. गठ्ठ्यावर त्यांच्या हातचं ‘पटले’ आहे. मी पाहिलंय.

ज्या पत्रांना परीक्षेत शून्य मिळालं त्या पत्रांनी कपाट उघडलं. पटवून देण्याचा याहून मोठा पेपर मला माहीत नाही.

पण मी एवढ्यावर थांबले नाही. मला साहेबांना हलवायचं होतं. तुम्हाला न सांगता मी एक अर्ज टाइप केला. ‘आम्ही खाली सही करणारे पालक…’ असा सुरू होणारा, जोरदार, माझ्या मते निर्दोष. साठ प्रती काढल्या. शाळेच्या गेटवर आणि दोन नव्या सोसायट्यांत फिरले, एका संध्याकाळी साठ सह्या. बहुतेकांनी वाचलंही नाही, ताई, कुठे करू, एवढंच विचारलं. गठ्ठा कार्यालयात दिला, पोचेचा शिक्का घेतला आणि जिंकल्यासारखी घरी आले.

मेच्या सुरुवातीला तुमची सुनावणी झाली. साहेबांनी माझे साठ कागद टेबलावर पसरून ठेवले. एकच मजकूर, एकच चूक, दुसऱ्या ओळीत ‘शिक्षिका’ची वेलांटी माझ्याकडून दीर्घ पडली होती ती साठही कागदांवर. त्यांनी तुम्हाला विचारलं, हेसुद्धा तुम्हीच लिहून दिलंत का? तुमच्याकडे लिहून द्यायची पद्धतच दिसते.

विचार करा. सांगून लिहून घेतल्याचा खोटा आरोप असलेल्या बाईंच्या बचावाला मी सांगून लिहून घेतलेले साठ कागद पाठवले. चौथीतल्या एकाही मुलानं केली नसती अशी चूक तुमच्या विद्यार्थिनीनं केली, आणि तुमच्याविरुद्धचा पहिला खरा पुरावा साहेबांच्या हातात दिला.

सुनावणीनंतर कार्यालयासमोरच्या रसवंतीवर आपण बसलो. तुम्ही रसात बर्फ नको म्हणालात. मी विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलंत? मला वाटलं होतं तुम्ही हात झटकले असतील, झटकायलाच हवे होते.

‘मी म्हटलं, माझ्या विद्यार्थिनीनं लिहिलंय,’ तुम्ही म्हणालात. ‘चौथीला माझ्याकडे होती. चांगलं लिहिते. पण हे साठ जणांचं तिनं एकटीनंच लिहिलं.’

‘आणि साहेब?’

‘त्यांनी लिहून घेतलं. वैशाली, रस पी, गरम होतोय.’

मी माफी मागितली नाही. साहेब कसा हलकट आहे यावर पंधरा मिनिटं बोलले, ग्लास ठेवला, सेकंड शिफ्ट आहे म्हणून निघाले. पुढचे चार आठवडे तुमचा फोन उचलला नाही. दोनदा ‘कामात आहे’ असा मेसेज टाकला. कामात नव्हते, बाई. तोंड दाखवायची लाज होती. मग शाळा उघडायच्या आठवडाभर आधी तुम्ही दुपारी जेवून पडलात त्या उठला नाहीत, आणि मला ते ग्रुपवरून कळलं, ज्या ग्रुपवर मला मुलांची पत्रं टाकायची होती.

माफ करा. हे रसवंतीवर म्हणायचं होतं.

पण तुम्ही मला रडत बसू दिलं नसतंत, दुसरा कागद दिला असतात. म्हणून पाचव्या दिवसापासून मी घरोघरी जातेय, हातात कोरे कागद घेऊन. अर्ज घेऊन नाही. पालकांना विचारते, तुमच्या मुलाला बाईंनी उत्तर सांगितलं होतं का? नव्हतं, तर तुम्हाला ते कसं कळलं? तेवढंच लिहा. सोपं नाही जात. सही करायला दोन सेकंद लागतात, चार ओळी लिहायला माणूस तास घेतो आणि मध्ये दोनदा म्हणतो, ताई, तुम्हीच लिहा ना, मी सही करतो. मी हात मागे बांधून बसते. त्या टूलरूमवाल्या पप्पांनी शिफ्टवरून आल्यावर आंघोळही न करता लिहिलं: ‘माझ्या मुलाने घरी येऊन मला कुलूप कसे बनते ते विचारले होते. परीक्षा झाल्यावर. आधी नाही. म्हणजे हे त्याच्या डोक्यातून आले.’ मोशीतल्या एका आजींना लिहिता येत नाही, त्यांनी सुनेला सांगितलं आणि सून ‘नाही’ लिहायला लागली तर म्हणाल्या, मी न्हाई म्हनले, न्हाई लिही. तसंच गेलंय, बाई, कार्यालयात, शिक्का मारून. इथे मी जिंकले, एवढं कबूल करा. एका बापानं तर तक्रारच लिहिलीय, की बाई शुद्धलेखनाला फार छळायच्या, पोरगा रडायचा, पण उत्तर सांगण्याचा प्रश्नच येत नाही, त्या साधा कानासुद्धा सांगायच्या नाहीत. हे पत्र मला सगळ्यात आवडलं. याला तुम्ही पाचपैकी पाच दिले असतेत.

आजपर्यंत अकरा झाली. अकरा कागद, अकरा अक्षरं, दोन सारखी वाक्यं शोधून दाखवावीत. क्लार्क वैतागलाय. म्हणाला, एकच फॉर्म भरून आणा की, एवढं कोण वाचणार? मी म्हटलं, तुम्ही. तेच तर तुमचं काम आहे. आणि पोच घेतली.

बाई, आता जरा थांबा. मला यांच्याशी बोलायचंय.

हे वाचणाऱ्या तुम्ही. हेडसर, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. कुलूप तोडायचं धाडस केलंत, आता ते का तोडलंत हे एका कागदावर लिहून वर पाठवा. साहेब, त्या सत्तावीस उत्तरपत्रिका बाहेर काढा आणि ज्या वर्गात नोटीस वाचलीत त्याच वर्गात, त्याच आवाजात, एकेक करून सगळ्या वाचा. सत्ताविसावी संपल्यावरही शेरा ठेवावासा वाटला तर तसं तुमच्या सहीनं लिहून द्या, आम्ही त्याला उत्तर देऊ. आणि बाकीचे तुम्ही, ज्यांना कधीतरी ढवळे बाईंनी शिकवलं, ज्यांच्या मुलांना शिकवलं, किंवा ज्यांना हे वाचून नुसतंच चुकीचं वाटलं: सेवापुस्तकातला तो शेरा रद्द झाला पाहिजे, आणि तो तुमच्या पत्रानं होणार आहे. उद्या सकाळी कामावर जायच्या आधी एक कोरा कागद घ्या. तो शेरा का खोटा आहे याचं तुमचं कारण लिहा, तुमच्या अक्षरात, तुम्ही बोलता तसं. स्वतः कार्यालयात नेऊन द्या, पोच घ्या. माझ्याकडे नमुना मागू नका, मी देणार नाही.